चोरून घेतलेला नळ

दोस्तांनो, सातारा जिल्ह्यातून नववीतल्या एका वाचक-मैत्रिणीचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी आहे, पण खरा मुद्दा शेवटच्या पानावर. तिच्या काकांना मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून एक किडनी काढली, तरी कॅन्सरच्या पेशी फुप्फुसापर्यंत पोचलेल्या निघाल्या. आता काका चार आठवडे रोज एक कॅप्सूल घेतात, मग दोन आठवडे सुट्टी, मग पुन्हा चार आठवडे. डॉक्टर घरच्यांना म्हणाले, "या औषधानं गाठीचं रक्त तोडायचं आहे." आमची मैत्रीण विचारते, "गाठीचं रक्त तोडतात म्हणजे काय करतात? काकांचं सोडून नेमकं गाठीचंच रक्त तोडायचं, हे कॅप्सूलला कसं कळतं? आणि काकांचे केस मधेच पांढरे, मधेच काळे, असे पट्ट्यापट्ट्यांचे का झाले?"

तिन्ही प्रश्न झकास आहेत. तिसरा वाचून तुम्हांला हसू आलं असेल, पण त्याचंही उत्तर आहे बरं का! जरा धीर धरा.

आधी किडनीची ओळख करून घेऊ. कमरेच्या थोडं वर, पाठीच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक अशा त्या दोघी बसलेल्या असतात. आकार राजम्याच्या दाण्यासारखा, लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाच्या वजनात दोघींचा मिळून अर्धा टक्कासुद्धा वाटा नाही. पण खादाड किती पाहा! हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघींकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी त्या रक्तातून गाळून घेतात, त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात सोडतात, आणि लिटर-दीड लिटर काय ते बाहेर टाकतात. म्हणजे गावातल्या सगळ्यांत मोठ्या जलवाहिनीला लागूनच त्यांचं घर आहे म्हणा ना. ही जलवाहिनी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पेशीचं पाहू. शरीरातली कुठलीही पेशी घ्या, तिला प्राणवायू आणि अन्न लागतं, आणि ते रक्तातून येतं. अगदी बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पेशीला अशा एखाद्या केशवाहिनीच्या अगदी जवळ राहावं लागतं. किती जवळ? एक-दोन दशांश मिलिमीटर, बस्स. त्याच्या पलीकडे प्राणवायू पोचत नाही आणि पेशी गुदमरून मरते. कॅन्सरची पेशी कितीही दांडगट असली, तरी या नियमातून तिची सुटका नाही. ती एकाची दोन, दोनाची चार होत जाते, आणि गाठ तयार होते. गाठ वाढली की आतल्या पेशी रक्तापासून लांब पडतात. मग ही गाठ वाढते तरी कशी?

इतका साधा प्रश्न, पण बराच काळ तो नीट कुणी विचारलाच नव्हता. विचारला तो ज्यूडा फोकमन नावाच्या एका तरुण अमेरिकन सर्जननं, आणि तोही भलत्याच कामाच्या निमित्तानं.

१९६०च्या सुमाराची गोष्ट. फोकमन तेव्हा अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत होते. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या जहाजांवर ताजं रक्त साठवून ठेवणं अवघड असतं. म्हणून रक्ताच्या जागी वापरता येईल असं काही करता येतं का, ते पाहायचं त्यांना काम दिलेलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हिमोग्लोबिनचं द्रावण तयार केलं. हे द्रावण अवयवाला जिवंत ठेवतं का, हे पाहायला सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात ठेवली आणि तिच्या रक्तवाहिन्यांतून ते द्रावण खेळवत ठेवलं. ग्रंथी जगली. मग त्यांनी विचार केला, नवीन पेशीही यावर वाढतील का? झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी कुठल्या, तर कॅन्सरच्या. म्हणून उंदराच्या कॅन्सरच्या पेशी त्या ग्रंथीत सोडल्या.

गाठी आल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या. आणि थांबल्या! एक-दोन मिलिमीटरच्या पुढे एकही जाईना. मेल्या म्हणावं तर तसंही नाही. त्याच गाठी काढून जिवंत उंदरात लावल्या, तर त्या भराभर वाढून उंदराचा जीव घेऊ लागल्या.

तुम्ही असता तर काय अंदाज बांधला असता? वाचायचं थांबवून मिनिटभर विचार करा.

भांड्यातल्या ग्रंथीत आणि उंदरात फरक एकच होता. उंदरात गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटून येत होत्या. भांड्यात तसं काही घडत नव्हतं. म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी होईपर्यंत गाठ आजूबाजूला झिरपणाऱ्या अन्नावर भागवते. त्यापुढे वाढायचं तर तिला स्वतःचा नळ लागतो. आणि ती तो नळ शरीराच्या जलवाहिनीतून चोरून जोडून घेते.

पुढे १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी, फोकमन बोस्टनमधल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयात मुख्य सर्जन झाले. ऑपरेशन करताना त्यांना रोज दिसायचं की माणसाच्या शरीरातली जिवंत गाठ लालभडक असते, हाताला गरम लागते, आणि कापली की तिच्यातून भळाभळा रक्त येतं. प्रयोगशाळेतल्या मंडळींसमोर मात्र बशीत ठेवलेली, रक्त निघून गेलेली फिकट गाठ यायची. मला वाटतं, फोकमनना जे दिसलं ते इतरांना का दिसलं नाही, याचं अर्धं कारण इथेच आहे.

१९७१ साली त्यांनी एक लेख लिहून आपलं म्हणणं मांडलं. गाठ एक रासायनिक निरोप पाठवते, तो निरोप ऐकून जवळच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात आणि ते गाठीत शिरतात. हा निरोप अडवला, तर गाठ टाचणीच्या डोक्याएवढीच राहील. रक्तवाहिन्यांना असे कोंब फुटण्याला त्यांनी जो शब्द वापरला तो आहे अँजिओजेनेसिस. उच्चारायला अवघड आहे, पण दोन-तीनदा म्हणून पाहा, जमेल.

शास्त्रज्ञांनी त्यांना डोक्यावर घेतलं असेल, असं वाटतं ना? छे! बहुतेकांनी नाकं मुरडली. "सर्जननं सुरी चालवावी, जीवशास्त्र आम्हांला शिकवू नये," असा एकंदर सूर. काहींचं म्हणणं असं की, रक्तवाहिन्या येतात त्या सूज आल्यामुळे. जखम झाली की येतात, तशाच. त्यात गाठीचं काही कर्तृत्व नाही.

यावर वाद घालत बसण्यापेक्षा डोळ्यांनी दाखवलेलं बरं. आणि फोकमनच्या मंडळींनी अक्षरशः डोळ्यातच दाखवलं! डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, एकही रक्तवाहिनी नसते. असती तर आपल्याला स्वच्छ दिसलंच नसतं. त्यांनी सशाच्या पारपटलात कडेपासून थोडं आत गाठीचा एक कण बसवला. काही दिवसांत पारपटलाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटले आणि ते सरळ त्या कणाच्या दिशेनं चालू लागले. दुसरा कण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात तरंगत ठेवला. तिथे रक्तवाहिन्या पोचू शकत नव्हत्या. तो आठवड्यामागून आठवडे जिवंत राहिला, पण मिलिमीटरभरही वाढला नाही. तोच कण बुबुळाला चिकटवला, की रक्तवाहिन्या आत शिरल्या आणि तो पंधरवड्यात हजारो पटींनी फुगला.

कण तोच, डोळा तोच, फरक फक्त नळाचा.

निरोपाचा रेणू हाती लागायला मात्र बराच वेळ गेला. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा या शास्त्रज्ञानं तो वेगळा काढला. त्याचं नाव व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात व्ही.ई.जी.एफ. हा रेणू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशीवर जाऊन बसतो. तिथे त्याच्यासाठी जणू दारावरची घंटाच असते. घंटा वाजली की पेशी वाढू लागते आणि कोंब फुटतो.

आता तुम्ही म्हणाल, हे तर सगळ्याच कॅन्सरना लागू झालं. मग किडनीचंच काय विशेष? आहे ना! आणि इथून पुढची गोष्ट मला स्वतःला सगळ्यांत आवडते.

तुमच्या प्रत्येक पेशीत एक पाणीपुरवठा खातं आहे असं समजा. खात्यात दिवसभर अर्ज येत असतात, "प्राणवायू कमी पडतोय, नवा नळ जोडून द्यावा, ही विनंती." हा अर्ज म्हणजे हिफ नावाचं एक प्रथिन. पेशी ते सतत बनवत असते. अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला की हुकूम सुटतो, आणि तो हुकूम म्हणजे आपला व्ही.ई.जी.एफ. पण प्रत्येक अर्ज टेबलावर पोचला तर अनर्थच होईल. म्हणून सोय अशी आहे की, पेशीत प्राणवायू भरपूर असला तर त्या प्राणवायूच्याच मदतीनं अर्जावर "गरज नाही" असा शिक्का बसतो. दारात व्ही.एच.एल. नावाचा शिपाई उभा असतो. तो शिक्का बघतो आणि अर्ज कचऱ्याच्या टोपलीत टाकतो. प्राणवायू खरंच कमी असेल तर शिक्का बसत नाही, शिपाई अडवत नाही, अर्ज आत जातो. किती शिस्तीचं खातं!

आणि समजा, शिपाईच नाही. मग? शिक्का असलेले, नसलेले, सगळे अर्ज टेबलावर. प्राणवायू मुबलक असूनही "नळ जोडा, नळ जोडा" असे हुकूम सुटत राहणार.

किडनीच्या कॅन्सरचा जो सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यात नेमकं हेच झालेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी रिकाम्या, स्वच्छ दिसतात, म्हणून त्याला क्लिअर सेल प्रकार म्हणतात. त्यातल्या बहुतेक गाठींत शिपायाचं जनुक मोडलेलं असतं. त्यामुळे या गाठीत रक्तवाहिन्यांचं नुसतं जंजाळ माजतं. मघाशी सांगितलेली मोठी जलवाहिनी शेजारी आहेच!

या शिपायाचं नावही गमतीशीर रीतीनं पडलं आहे. जर्मनीतले डोळ्यांचे डॉक्टर ऑयगेन फॉन हिपेल यांना काही कुटुंबांतल्या माणसांच्या डोळ्यांत रक्तवाहिन्यांचे विचित्र गुंते दिसले. पुढे १९२६ मध्ये स्वीडनच्या आर्विड लिंडाऊ यांनी दाखवलं, की अशा माणसांच्या मेंदूतही तसले गुंते असतात. दोघांच्या आडनावांवरून त्या आजाराला फॉन हिपेल-लिंडाऊ म्हणू लागले. त्याचीच आद्याक्षरं व्ही.एच.एल. या कुटुंबांतल्या पुष्कळांना तरुणपणीच किडनीत गाठी येतात. अशाच कुटुंबांचा अभ्यास करून १९९३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते जनुक शोधून काढलं. डोळ्यांतला गुंता आणि किडनीतली गाठ यांचा धागा एकच निघाला. अर्ज, शिक्का आणि शिपाई यांचं कोडं सोडवणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

बरं, नळ तोडायचा कसा?

एक रीत अशी, की हुकूम वाटेतच पकडायचा. बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध शिरेतून देतात. ते रक्तात हिंडणाऱ्या व्ही.ई.जी.एफ.ला धरून ठेवतं, घंटेपर्यंत जाऊच देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत किडनीचा कॅन्सर पसरलेल्या ११६ रोग्यांवर त्याची चाचणी झाली आणि २००३ मध्ये निकाल छापून आला. काहींना औषध जास्त मात्रेत दिलं, काहींना कमी मात्रेत, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी. कुणाला काय मिळतंय हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. पाणीवाल्यांचा आजार पुन्हा वाढायला लागला तो साधारण अडीच महिन्यांत. जास्त मात्रा मिळालेल्यांचा ४.८ महिन्यांत. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

"एवढंच? सव्वादोन महिने?" असं म्हणू नका. त्या काळी या कॅन्सरपुढे नेहमीची केमोथेरपी जवळजवळ हात टेकायची, किरणांचाही फारसा उपयोग व्हायचा नाही. फोकमननी १९७१ मध्ये कागदावर मांडलेली कल्पना माणसात खरी ठरते, हे पहिल्यांदाच इतकं लख्ख दिसलं होतं. पण तेवढ्यानं त्या रोग्यांचं आयुष्य वाढल्याचं त्या चाचणीत दिसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

दुसरी रीत म्हणजे हुकूम येऊ दे, पण घंटाच वाजू द्यायची नाही. घंटेची तार आतून कापायची. सोराफेनिब आणि सुनिटिनिब ही औषधं ते काम करतात, आणि ती तोंडानं घेता येतात. अमेरिकेत सोराफेनिबला डिसेंबर २००५ मध्ये परवानगी मिळाली, सुनिटिनिबला जानेवारी २००६ मध्ये. सुनिटिनिबची जुन्या इंटरफेरॉनशी तुलना करायला ७५० रोगी घेतले होते. तुम्ही गणितात मध्यक शिकता ना? सगळ्यांना क्रमानं ओळीत उभं केलं तर मधल्याचा आकडा, तो मध्यक. आजार आटोक्यात राहण्याच्या काळाचा मध्यक इंटरफेरॉनवर ५ महिने होता, सुनिटिनिबवर ११ महिने. मध्यक म्हणजे अर्धे लोक त्याच्या अलीकडे आणि अर्धे पलीकडे. पलीकडचे काही तर खूपच पलीकडे. म्हणून आपल्या ओळखीच्या कुणाचं नाव त्या आकड्याखाली लिहून मोकळं होऊ नये.

चार आठवडे कॅप्सूल आणि दोन आठवडे सुट्टी, ही सुनिटिनिबची ओळखीची पद्धत. म्हणून पत्रातल्या काकांचं औषध तेच असावं असा माझा कयास आहे. आता त्या मैत्रिणीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कॅप्सूलला गाठ ओळखता येते का?

खरं सांगायचं तर, नाही. कॅप्सूल सगळीकडेच तार कापते. पण मोठ्या माणसाच्या शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्या कधीच्याच बांधून झालेल्या असतात आणि त्यांच्या अस्तराच्या पेशी वर्षानुवर्षं शांत बसून असतात. त्यांना नव्या हुकमाची फारशी गरज लागत नाही. नवे कोंब फुटतात ते मुख्यतः गाठीत. म्हणून मार बसतो तो जास्त करून गाठीला. जास्त करून म्हटलं, फक्त गाठीला म्हटलं नाही! तुम्ही खेळताना पडता, गुडघा सोलवटतो, खपलीखाली लालसर नाजूक मांस भरून येतं, ते लाल दिसतं नव्या केशवाहिन्यांमुळे. औषध चालू असताना हे कामही मंदावतं, म्हणून एखादं ऑपरेशन करायचं झालं तर डॉक्टर औषध आधीच थांबवतात. रक्तदाब वाढतो, कारण शांत बसलेल्या रक्तवाहिन्यांनाही सैल राहायला थोडाफार व्ही.ई.जी.एफ. लागतो. तळहात-तळपाय हुळहुळतात, थकवा येतो. तेव्हा घरात कुणी हे औषध घेत असेल आणि "आज चालायला नको वाटतं" असं म्हणालं, तर तो आळस समजू नका.

आणि केसांचे पट्टे? घंटांच्या तारा कापता कापता सुनिटिनिब शेजारची एक भलतीच तारही कापतं. केसांना रंग देणाऱ्या पेशींना ती लागते. त्यामुळे औषध चालू असलेल्या चार आठवड्यांत केसाचा जेवढा भाग वाढतो, म्हणजे साधारण सेंटिमीटरभर, तो पांढरा येतो. सुट्टीच्या दोन आठवड्यांत वाढलेला अर्धा सेंटिमीटर पुन्हा काळा. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजून जसं वय सांगता येतं, तसे काकांच्या केसावरचे पट्टे मोजले तर औषधाची किती आवर्तनं झाली ते सांगता येईल! औषध थांबलं की रंग परत येतो.

इथवर वाचून वाटेल, चला, किल्ला सर झाला. फोकमनच्या बाबतीतही लोकांना असंच वाटलं होतं. १९९८च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या दैनिकानं पहिल्या पानावर त्यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांची बातमी छापली. जगभरचे रोगी फोन करू लागले, आम्हांला ते औषध द्या. औषध बनवणाऱ्या छोट्या कंपनीचे शेअर एका दिवसात कितीतरी पटींनी वर चढले. फोकमन मात्र सांगत राहिले, की तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हांला कॅन्सर असेल, तर आम्ही तुमची उत्तम काळजी घेऊ शकतो. ते थट्टेत बोलत, पण ते खरं होतं. उंदरात गाठी विरघळवणारी ती द्रव्यं माणसात तशी चालली नाहीत.

आणि जी औषधं चालली, तीही बहुतेक वेळा कायमची चालत नाहीत. एक नळ तोडला की गाठ दुसरा शोधते. व्ही.ई.जी.एफ.चा हुकूम चालेनासा झाला तर दुसऱ्याच रेणूंच्या हाती निरोप धाडते. काही गाठी तर नवे नळ मागतच नाहीत, जुन्या रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं सरकत वाढतात. म्हणून गाठ काही महिने, कधी काही वर्षं आवळलेली राहते आणि मग पुन्हा डोकं वर काढते. डॉक्टर तेव्हा औषध बदलतात. जास्त तारा कापणारी नवी औषधं आली आहेत. २०१९ पासून तर नळ तोडणारं औषध आणि शरीराच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे पांढऱ्या पेशींना, जागं करणारं औषध अशी जोडीनं देण्याची पद्धत रुळली आहे. जोडीचा उपयोग एकट्या सुनिटिनिबपेक्षा जास्त होतो, असं चाचण्यांत दिसलं आहे.

आता एक पैशाची गोष्ट. ती घडली आपल्या मुंबईत, आणि मोठ्यांच्या वर्तमानपत्रात येऊन गेली तरी तुमच्यापर्यंत आली नसेल. औषध निघालं म्हणजे ते रोग्याच्या हातात पडलं असं नसतं. सोराफेनिबचं पेटंट बायर या कंपनीकडे होतं. पेटंट म्हणजे ठरावीक वर्षं ती वस्तू दुसऱ्या कुणी बनवायची नाही. भारतात या औषधाची महिन्याची किंमत होती २,८०,४२८ रुपये. महिन्याची! वर्षाची नव्हे. हैदराबादच्या नॅटको फार्मा या कंपनीनं अर्ज केला, की आम्ही हे स्वस्तात बनवून देतो, परवानगी द्या. आपल्या कायद्यात तशी सोय आहे. पेटंट असलेली वस्तू लोकांना परवडणाऱ्या दरात मिळत नसेल, तर सरकार दुसऱ्याला ती बनवायचा सक्तीचा परवाना देऊ शकतं. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी मुंबईत तो परवाना दिला. भारतातला तो अशा प्रकारचा पहिलाच. नव्या दरानं महिन्याच्या १२० गोळ्या ८,८८० रुपयांना द्यायच्या, आणि विक्रीतला ६ टक्के हिस्सा मूळ कंपनीला. बायर अपिलात गेली. अपिलात हिस्सा ६चा ७ टक्के झाला, पण परवाना कायम राहिला. मुंबई उच्च न्यायालयानं तो उचलून धरला आणि २०१४च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही.

यात दोन्ही बाजू आहेत. कंपनी म्हणते, संशोधनाला अफाट पैसा लागतो, तो वसूल झाला नाही तर नवं औषध शोधणार कोण? ते खोटं नाही. पण ज्या घरात महिन्याला दहा हजार येतात, त्या घरात पावणेतीन लाखांची गोळी आणि न निघालेली गोळी, यांत काय फरक? माझं मत परवान्याच्या बाजूनं आहे. तुमच्या वर्गात यावर वादविवाद घ्या, दोन्ही बाजूंनी बोलायला भरपूर आहे.

फोकमन जानेवारी २००८ मध्ये गेले. एका परिषदेला निघाले असताना डेन्व्हरच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सुनिटिनिब आणि सोराफेनिब बाजारात आलेली त्यांनी पाहिली. त्यानंतरची एक गोळी मात्र त्यांना पाहायला मिळाली नाही. ती हुकूम पकडत नाही, घंटेची तारही कापत नाही. ती थेट खात्यात शिरते. हिफच्या अर्जावर एकट्याची सही चालत नाही, जोडीला दुसऱ्या प्रथिनाची सही लागते. बेल्झुटिफान नावाची ही गोळी ती दुसरी सहीच होऊ देत नाही. मोडलेल्या शिपायाची जागा म्हणे तिनं घेतली! फॉन हिपेल-लिंडाऊच्या कुटुंबांतल्या रोग्यांसाठी तिला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि इतर औषधं थकलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी डिसेंबर २०२३ मध्ये.

या गोळीचा एक उपद्रव आहे. ती घेणाऱ्या पुष्कळांचं हिमोग्लोबिन उतरतं. का? तर हिफचा अर्ज नुसता नळ मागत नाही, नळातून येणारा मालही जास्त मागतो. किडनी हाडांच्या मगजाला निरोप धाडते, "लाल पेशी वाढवा." उंच डोंगरात जाऊन राहिलं की आपलं रक्त दाट होतं, तेही यामुळेच. किडनी आणि हाडं यांच्यातला हा टपालखात्याचा कारभार कसा चालतो, आणि लेहला गेलेल्या पाहुण्याला पहिले दोन दिवस का दम लागतो, ते पुढच्या अंकात.